जबाबदार कोळसा, उनाड सूर्य

कोळसा आता जबाबदार झाला आहे म्हणे. स्वच्छ ऊर्जेकडे जायचेच, पण जाताना त्याचा हात सोडायचा नाही. त्याने फक्त जबाबदारीने जळायचे. आम्हा वऱ्हाडकरांना याचा विशेष आनंद. अकोला जिल्ह्यातल्या पारसला 250 मेगावॉटचे दोन संच आहेत आणि अमरावतीजवळ नांदगाव पेठेत 1350 मेगावॉटचा खासगी प्रकल्प. म्हणजे जबाबदारी दोन्हीकडून आमच्या अंगावर आहे.

नांदगाव पेठेच्या प्रकल्पाला पाणी अप्पर वर्धा धरणाचे. सिंचनाचे पाणी वळवू नका, म्हणून अमरावतीकर रस्त्यावर उतरले होते. साधा हिशेब त्यांना कळला नाही. कपाशी पाणी पिऊन नुसती बोंडे देते. कोळसा पाणी पिऊन वीज देतो, आणि विजेवर शेतकऱ्याची मोटार चालते. मोटारीने ओढायला पाणी उरायला हवे, हा तपशील झाला.

राखेचेही तसेच. आपल्या कोळशात तीस-चाळीस टक्के राखच असते. विकत घ्यायची, रेल्वेने आणायची, जाळायची आणि मग ठेवायची कुठे म्हणून बैठक घ्यायची.

धुरातल्या गंधकासाठी डिसेंबर 2015 मध्ये मर्यादा ठरल्या, मुदत दोन वर्षांची. मग मुदत वाढली, पुन्हा वाढली, आणि जुलै 2025 मध्ये देशातल्या बहुसंख्य केंद्रांना गंधक काढणारी यंत्रे बसवण्यातूनच सूट मिळाली. पोरगा दहा वर्षे पेपरला बसला नाही, तेव्हा शाळेने परीक्षाच काढून टाकली. पोरगा जबाबदार आहेच.

बेजबाबदार कोण, तर सूर्य. पाणी मागत नाही, राख ठेवत नाही, वॅगनची वाट पाहत नाही. असल्या माणसावर विश्वास कसा ठेवायचा? मे 2024 मध्ये पारा 45 च्या वर गेला, तेव्हा अकोल्यात कलम 144 लावावे लागले. जमाव करायला बंदी. सूर्य एकटाच आला होता, म्हणून सुटला.

तरी सरकारने त्याला 2017 पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत कामाला लावले आहे. शेतीपंपांना दिवसा वीज मिळावी म्हणून. तोवर कित्येक वावरांत थ्री-फेज लाइन रात्रीचीच. बाळापूरकडच्या एका शेतकऱ्याला मी जबाबदार कोळशाची ही सारी महती सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतली.

"भाऊ," तो म्हणाला, "त्याले एकडाव रात्री बारा वाजता माह्या वावरात ओलिताले धाडा. बॅटरी मी धरतो."