रुग्णालय पाहावे निवडून

पुण्यामुंबईकडील सुखवस्तू कुटुंबात कोणी आजारी पडले म्हणजे, त्यास नेमके काय झाले आहे या गौण प्रश्नाकडे वळण्यापूर्वी, त्यास कोठे दाखल करावे याविषयी मसलत सुरू होते आणि या मसलतीत रुग्ण वगळून सर्वांस मताधिकार असतो. जावईबापूंचा कौल ज्या इमारतीच्या दर्शनी दालनात संगमरवरी गणपती व कॉफीचे दुकान आहे तिच्या बाजूने पडतो; मेहुण्यांच्या मते जेथे मोटार उभी करावयास जागा मिळते तेथीलच शल्यविशारद खरे; आणि ज्यांच्या पित्ताशयातील खडे पूर्वी एके ठिकाणी निघाले त्या आत्याबाई अस्थिभंगापासून मोतीबिंदूपर्यंत यच्चयावत व्याधींकरिता त्याच ठिकाणाची शिफारस करतात. अखेरचे फर्मान अर्थात विमा कंपनीची यादी काढते आणि त्यावर अपील नाही.

या चर्चेत कोणी अजाणतेपणी परळच्या के.ई.एम.चे नाव काढलेच, तर त्याने औषधोपचाराऐवजी उत्तरक्रियेचाच विषय काढला असावा अशा मुद्रेने सारे त्याजकडे पाहतात. तेथे केसपेपरासाठी रांग लागते आणि खाट नसल्यास जमिनीवर गादी पडते, हे खोटे नाही. परंतु ज्या महाविद्यालयाच्या देणगीदारांनी अध्यापकवर्ग हिंदी डॉक्टरांचाच असावा अशी अट परकीय अमदानीत घातली, त्याच्याशी संलग्न असे हे १९२६ सालचे रुग्णालय असून, तेथे शिकलेला डॉक्टर पुढे संगमरवरी इमारतीत बसला की त्याच्या पाटीवर त्याच संस्थेचे नाव झळकते आणि ते वाचून मंडळी निर्धास्त होतात! विद्या परळची चालते. फक्त ती वातानुकूलित खोलीत मिळावी.

आता या संगमरवरातील एक मौज. यांपैकी कित्येक रुग्णालये सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था म्हणून नोंदलेली असतात आणि अशा व्यवस्थांसंबंधीच्या १९५० च्या अधिनियमातील कलम ४१कक व मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेली योजना यांन्वये त्यांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी विनामूल्य व आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखावयाच्या असतात. शिवाय रुग्णांच्या एकूण देयकांतील २ टक्के रक्कम निर्धनांच्या निधीत टाकावयाची असते. ही तजवीज जाहीर करणारा फलक मात्र एखाद्या शोभिवंत झाडाच्या कुंडीमागे विनयाने उभा असतो, आणि तो शोधून काढणाऱ्यास कारकून तहसीलदाराचा दाखला नाही तर पिवळी शिधापत्रिका आणावयास पिटाळतो, कारण वेदनेची खातरजमा डॉक्टर करतील, दारिद्र्याची कोण करणार?

वस्तुतः अशी शिधापत्रिका आपल्याच घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईंपाशी असते. मागे त्यांच्या यजमानांच्या छातीत दुखू लागले, तेव्हा त्या खाटांची वार्ता त्यांस कोणी दिली नाही. उलट साऱ्या कुटुंबाने, आत्याबाई धरून, एकमुखाने सांगितले, ‘‘सरळ के.ई.एम.ला न्या हो, तिथले डॉक्टर फार निष्णात!’’