मोडीत काढलेली दोन वर्षं

काकूंच्या माळ्यावर पत्र्याची एक ट्रंक आहे. तिच्यात तीन पितळी तांबे, दिवाळी अंकांचा एक गठ्ठा आणि अगदी तळाशी पिवळ्या पडलेल्या कागदाची सुरळी. कागद मोडीत. आमच्या घरात मोडी कुणालाच येत नव्हती, त्यामुळे त्यात काय लिहिलंय हे प्रत्येकाला पक्कं ठाऊक होतं. चुलतभावाच्या मते ती वाईजवळच्या साडेसहा एकरांची सनद. आत्याच्या मते पुतळ्यांची माळ कुणाच्या ताब्यात गेली त्याची नोंद, आणि हे ती काकूंकडे बघत म्हणायची.

मी निवृत्त झालो त्याच आठवड्यात चुलतभावाचा फोन आला. "दादा, आता तू रिकामाच. शिकून टाक ना मोडी. पंधरा दिवसांचा वर्ग असतो म्हणे."

पंधरा दिवसांचा वर्ग असतो हे खरं. पंधरा दिवसांत मोडी येते, असं मात्र वर्गवाले कुठेही म्हणत नाहीत.

ही लिपी हेमाडपंतांनी लंकेहून आणली अशी आख्यायिका आहे. हेमाडपंत म्हणजे देवगिरीच्या यादवांचे तेराव्या शतकातले प्रधान. इतिहासकार ती आख्यायिका मानत नाहीत. मी पहिल्या आठवड्यापासून मानतो. देवनागरीत आपण आधी अक्षरं काढतो आणि मग त्यांच्या डोक्यावर रेघ ओढतो. मोडीत रेघ आधी, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि मग दोरीवर कपडे वाळत घालावेत तसं तिला एकेक अक्षर लटकवत जायचं, होता होईतो हात न उचलता. शब्द कुठे संपला, वाक्य कुठे संपलं, हे ज्याचं त्याने ओळखायचं. ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही. वेलांटी एकच, उकार एकच. पस्तीस वर्षं साहेबांकडून टिप्पणीतल्या वेलांट्या सुधारून घेतलेल्या मला वाटलं, आपली लिपी ती हीच! हा आनंद तीन दिवस टिकला. चौथ्या दिवशी कळलं की काना-उकार लागला की यातली काही अक्षरं खुर्ची मिळालेल्या पुढाऱ्यासारखी ओळखच दाखवत नाहीत.

१७७३ साली नारायणराव पेशव्यांच्या खुनाच्या वेळी आनंदीबाईंनी 'ध'चा 'मा' केला, अशी दंतकथा आपण ऐकत आलोय. त्यांना त्यासाठी कारस्थान करावं लागलं म्हणतात. मला नुसता सराव करून जमायचं.

शिकवणाऱ्या बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. माझं पान हातात घ्यायच्या, बोरूच्या रेघा तिरप्या धरून बघायच्या आणि अतिशय मायेने म्हणायच्या, "काका, पुन्हा लिहा." शेजारचा तरुण २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायची धांदल उडाली आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी भाव आला, तेव्हापासून या नादाला लागलेला. तो महिन्याभरात माझ्या पुढे गेला. वर्ग संपला, पुढचा लागला. मी मागच्याच बाकावर.

चुलतभाऊ दर लग्नात विचारायचा, "किती एकर लागले?" कागद वाचता येणं याला मोडीवाले 'लागणं' म्हणतात. एका पेशवेकालीन हिशोबाच्या झेरॉक्सवर मी आठ दिवस एका शब्दापाशी अडून बसलो होतो. एका सकाळी तो उलगडला आणि मी ओरडलो, "भात लागला!" बायको अंघोळ अर्धवट टाकून गॅस बंद करायला धावली. त्या दिवसानंतर ती माझ्याशी मोडीविषयी फक्त लेखी बोलायला तयार होती.

त्याच हिशोबात आकड्यांपुढे उभ्या रेघा होत्या. मी आधी त्या श्लोकाचा शेवट समजून हात जोडले. नंतर कळलं, एक रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. सगळी नोकरी लेखा विभागात गेली, पण आकड्यांनी इतका आनंद मला कधी दिला नव्हता. त्या दिवशी लिहिता लिहिता पहाटेचे पाच वाजले, टेबलक्लॉथवर शाई सांडली, आणि ट्रंक कुणाची, एकर किती, यातलं काही माझ्या डोक्यात नव्हतं. हे चुलतभावाला सांगायची सोय नव्हती. मीही घरच्यांना "झालंच आता" असं सांगत राहिलो.

दोन वर्षांनी दिवाळीत काकूंनी सुरळी खाली काढली. फराळाच्या ताटल्या बाजूला सरकल्या. आत्या खास आली होती.

"राजमान्य राजश्री," मी वाचलं.

चुलतभाऊ ताठ बसला. "बघ! पणजोबांना राजमान्य म्हणत!" तेव्हा पत्र धाडायचं म्हटलं की ज्याला त्याला राजमान्यच म्हणत, मायनाच तो, पण दिवाळीचा दिवस होता, मी गप्प राहिलो. दुसरी ओळ वाचली. "राजमान्य राजश्री." तिसरी वाचली.

"दादा, चष्मा पूस. तू तीच ओळ वाचतोयस."

मी तीच ओळ वाचत नव्हतो. ओळी १४ होत्या आणि चौदाही तशाच. सातवीनंतर अक्षरं रेघेवरून घसरू लागली होती. अकरावीत शाईचा डाग पडला होता आणि लिहिणाऱ्याने त्याला मिशा काढल्या होत्या. तळाला दुसऱ्याच हाताचं, जाड आणि सराईत अक्षर. ते मला पहिल्या फटक्यात लागलं.

"पुन्हा लिहिणे."

खोलीत कुणीतरी चकली मोडली तेवढाच आवाज झाला.

"म्हणजे... कित्ता?" आत्या म्हणाली.

"म्हणजे जमीन नाही?" चुलतभाऊ म्हणाला. "आणि यासाठी तू दोन वर्षं घातलीस?"

माझं लक्ष नव्हतं. पणजोबांचा 'ज' पोटात नेमका माझ्यासारखाच चुकत होता. नवव्या ओळीपर्यंत चुकला. दहावीत थोडा हलला. चौदावीत तर मला अजूनही जमत नाही इतका गोल उतरला होता. मी चुलतभावाला तो बोट ठेवून दाखवला. त्याने चिवड्याची वाटी ओढून घेतली.

काकूंनी सुरळी परत बांधली. "तुझेही असतील ना रे असले कागद?"

"चार फायली आहेत, काकू."

"आण मग. ट्रंकेत जागा आहे."

"नको, नको," चुलतभाऊ तोंडातला चिवडा कसाबसा गिळत म्हणाला, "पुढच्या पिढीला वाटेल, चाळीस एकर आहेत!"