तीनशेचे साडेचारशे

पैसे तीनशेचे मोजायचे आणि माल साडेचारशेचा वापरायचा, यातला आनंद ज्यांना कळत नाही त्यांनी हा लेख इथेच सोडावा. १९९८ साली इंटेलचा ‘सेलेरॉन ३००ए’ आला आणि आम्हा काटकसरी मंडळींचं उखळ पांढरं झालं. चिप ३०० मेगाहर्ट्झची. पण बोर्डाची बस ६६ वरून १०० वर नेली, की साडेचारने गुणून थेट ४५०! कॅश जेमतेम १२८ केबी, पण चिपच्या पोटातच. त्यामुळे तीही निमूट पळायची.

गंमत म्हणजे यात भित्रेच फसत. ‘एकदम शंभर कशाला?’ म्हणत ते ८३ वर थांबत. तिथे बोर्ड त्याचं निम्मं करून पीसीआय कार्डांना देई. ३३ ची सवय असलेल्यांना ४१ झेपेना. हार्डडिस्कवरच्या फायलीही नासत. शंभराला मात्र बोर्ड तीनाने भागे, म्हणजे पुन्हा ३३. थोडं पाप अंगाशी येई, मोठं बिनबोभाट पचे.

आता घराण्याचा हा वारसा पुतण्याने घेतलाय. प्रोसेसर बारा कोअरचा, मदरबोर्ड दुकानातला सर्वांत स्वस्त. लग्नात सगळे नवरदेवाकडे बघतात, मुलीच्या बापाला कोण विचारतं? सव्वा व्होल्टला दीडशे वॅट म्हणजे १२० अँपिअर; घरातली हजार वॅटची इस्त्री साडेचारसुद्धा ओढत नाही. आणि हे पुरवायचं सॉकेटशेजारच्या नखाएवढ्या मॉस्फेटनी, ज्यांच्या डोक्यावर हीटसिंकचं छप्परही नाही. त्यात चिरंजीवांनी व्होल्टेज दहा टक्के चढवलं. वॅट व्होल्टेजच्या वर्गाने वाढतात, म्हणजे वेगाला हात न लावताच एकवीस टक्के.

पडद्यावर ४.६ गिगाहर्ट्झ दिसताच त्याने फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. अंगठे येईपर्यंत मॉस्फेट तापले, बोर्डाने हात वर केले आणि प्रोसेसर मूळ वेगाच्याही खाली उतरला. प्रोसेसरचं तापमान बेताचंच, म्हणून पठ्ठ्या भलतीकडेच शोधत बसला. शेवटी टेबलफॅन आणून उघड्या कॅबिनेटसमोर लावला. (उपाय गावठी, पण लागू पडतो.)

“बाप घामाने निथळतोय आणि फॅन त्या डब्याला?” वहिनींनी प्लगच काढला.

आता त्याला दणकट बोर्ड हवाय. किंमत ऐकून दादा म्हणाला, “अरे, एवढ्यात मुळातच वेगवान प्रोसेसर आला असता की!”

“त्यात काय मजा, काका?” पुतण्या माझ्याकडे वळला. मी पेपर तोंडासमोर धरला.