किमान समान कार्यक्रम, मुक्काम शोलिंगनल्लूर

२०१९ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्रात तीन पक्षांची आघाडी सत्तेवर आली. पुढच्याच महिन्यात, १८ डिसेंबरला, अ‍ॅमेझॉन, अ‍ॅपल आणि गुगल या हाडवैऱ्यांनीही हातमिळवणी जाहीर केली. घरातला दिवा, कुलूप, पडदा कोणत्याही कंपनीचा असो, सगळ्यांनी एकमेकांचं ऐकायचं, असा हा किमान समान कार्यक्रम. पुढे त्याचं बारसं 'मॅटर' असं झालं. आपलं आघाडी सरकार जून २०२२ मध्ये कोसळलं. यांची पहिली आवृत्ती त्यानंतर ऑक्टोबरात निघाली. म्हणजे एक सरकार येऊन, नांदून, पडेपर्यंत यांचा जाहीरनामाच लिहून होत होता.

आणि जाहीरनामा कसला? पहिल्या यादीत थर्मोस्टॅट होता, पंखा नव्हता! बर्फाळ देशातली घरं उबदार ठेवणाऱ्याला थेट कॅबिनेट, आणि पंखा वर्षभर व्हरांड्यात ताटकळत. ऑक्टोबर २०२३ च्या विस्तारात, १.२ या आवृत्तीत, त्याची वर्णी लागली. यादी करणाऱ्यांपैकी एकानेही मे महिन्यातलं अग्निनक्षत्र, म्हणजे ऐन उन्हाळ्याचे सर्वात कडक दिवस, चेन्नईत काढलेलं नसावं. तिथे पंखा बंद पडला तर सरकार काय, संसारही टिकत नाही.

आमचा भाचा त्याच चेन्नईत, ओएमआर या आयटी कंपन्यांच्या रस्त्यावर, शोलिंगनल्लूरला राहतो. आयटीवाला, त्यामुळे घरात सर्वपक्षीय सरकार. दिवे एका कंपनीचे, एसी दुसरीचा, कुलूप तिसरीचं. लावणं, विझवणं, मंद करणं यावर सर्वांचं एकमत. पण दिवाळीची रोषणाई किंवा एसीची खास 'शांत झोप' हे पक्षांतर्गत विषय. त्यासाठी त्या त्या पक्षाच्या अ‍ॅपमध्ये जायचं, ओटीपी द्यायचा, विसरलेला पासवर्ड आठवायचा. तोवर शांत झोप नेहमीच्या मार्गाने येऊन गेलेली असते.

भाषेचा प्रश्न त्याहून नाजूक. घरातल्या बोलक्या डबीला इंग्रजी आणि हिंदी कळतं. १९६५ मध्ये हिंदीविरोधी आंदोलनाने पेटलेल्या या शहरात आमची ताई, म्हणजे भाच्याची आई, जिने पुण्यात भाजीवाल्याशीही कधी हिंदीत घासाघीस केली नाही, ती दिव्याला 'बत्ती बंद करो' असं फर्मावते. डबी ऐकते. खिडकी उघडी असेल तर ताई आवाज उतरवते, शेजाऱ्यांना उगाच गैरसमज नको. स्वयंपाकाच्या अक्कांना मात्र फक्त तमिळ येतं, आणि त्या घरात सर्वात जास्त वेळ असतात. आघाडी ठरवताना त्यांना कोणी बैठकीला बोलावलेलं नव्हतं.

अक्का जाताना भिंतीवरचं बटण बंद करतात. वीज वाया जाऊ नये, हा त्यांचा एककलमी कार्यक्रम. बटण बंद झालं की स्मार्ट दिव्याची वीजच तुटते आणि संध्याकाळी भाच्याच्या फोनवर बातमी येते: दिवा नॉट रिचेबल. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला या दोन शब्दांनी काय होतं, ते वेगळं सांगायला नको. दिवा बंडखोर आमदारांसारखा सुरत-गुवाहाटीला निघाला असावा, तसा भाचा कासावीस होतो, राउटर बंद-चालू करतो, कस्टमर केअरला फोन लावतो.

या घरात मुकाट्याने काम करणारे दोघेच, आणि दोघेही अपक्ष. वीज गेली की क्षणात जागा होणारा इन्व्हर्टर, आणि गच्चीवरच्या टाकीतला, पाणी भरलं की नळ बंद करणारा फुगा. दोघांनाही पासवर्ड नाही, अपडेट नाही, महत्त्वाकांक्षाही नाही. टाकीत पाणी येण्यासाठी आधी टँकर यावा लागतो, आणि टँकरवाल्याला अजून कोणत्याही आघाडीने आपल्याकडे ओढलेलं नाही. तो त्याला वाटेल तेव्हा येतो; वॉचमन मोटर लावतो.

शेवटी अक्कांचा बंदोबस्त करायचं ठरलं. भाच्याने भिंतीवरची बटणं काढून टाकली, तारा कायमच्या जोडून घेतल्या आणि त्याच जागी बिनतारी स्मार्ट बटण चिकटवलं. जुन्या बटणाच्या कित्येक पट किमतीचं, सेलवर चालणारं. अक्का ते दाबतात, बटण राउटरला कळवतं, राउटर दिव्याला कळवतो, आणि दिवा विझतो. भाचा याला ऑटोमेशन म्हणतो. सेल संपत आला की तशी सूचना इंग्रजीत त्याच्या फोनवर येते. मग तो ऑफिसातून फोन करून ताईला सांगतो, आणि ताई खाणाखुणांनी अक्कांना.