आधी भोक मोजा

मानोरा तालुक्यातलं इंझोरी घ्या नाहीतर वाशिम शहर, स्वयंपाकघरातलं सिंक भांडी घासणारीला विचारून बदललं गेलं, तर ती पहिल्या पानावरची बातमी समजावी. सिंक पसंत करतो तो घरातला कर्ता पुरुष, ज्याचा सिंकशी संबंध उष्टा कप त्यात ठेवण्यापुरताच. तो दुकानात चकाकी बघतो, टिचकी मारून आवाज ऐकतो आणि 20 इंच रुंद, 10 इंच खोल भांडं गाडीला बांधून आणतो. ओट्याचं माप मात्र घरीच राहतं.

ओटा साधारण 24 इंचांचा. जुनं सिंक 18 इंची असेल, तर मागेपुढे मिळून 6 इंच दगड उरतो. त्यातला थोडा भिंतीच्या टाइल्सखाली जातो, थोडी जागा मागच्या बाजूला ठेवावी लागते. पुढे राहते ती जेमतेम दोन-अडीच इंचांची पट्टी, आणि भांडी घासणारी रोज तिलाच टेकून उभी असते. 20 इंची सिंकसाठी गवंडी ग्राइंडर चालवतो तो या पट्टीवरच. कडप्पा असेल तर बघायलाच नको. थराथरांचा दगड, कडेला बारीक झाला की पापुद्रे सुटतात. शिवाय दुकानात सांगतात ते माप बहुधा काठासकट असतं. वरून बसवायच्या सिंकला भोक भांड्यापेक्षा मोठं आणि काठापेक्षा लहान लागतं. मोठं करायला एक दुपार पुरते. लहान करायची विद्या अजून कोणत्याही गवंड्याला अवगत नाही. ‘सिलिकॉन भरून देतो ना’ असं तो म्हणतो खरा, पण सिलिकॉन फट बुजवतं, पाण्याने भरलेल्या सिंकचा भार पेलत नाही.

यावर जाणकार माप सोडून मालाकडे वळतात आणि खिशातून चुंबक काढतात. चिकटलं नाही म्हणजे माल अस्सल 304 स्टेनलेस स्टील! 304 मध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं, हे खरं. पण निकेल कमी करून मँगनीज वाढवलेल्या स्वस्त 202 लाही चुंबक सहसा चिकटत नाही. म्हणजे ही परीक्षा दोघंही पास होतात, फक्त गिऱ्हाईक नापास होतं. दुसरा आक्षेप वजनदार आहे: खोल सिंकमध्ये मोठा गंज मावतो. मावतो, कबूल. पण असे गंज आणि परात अंगणात नाहीतर न्हाणीतच घासायची रीत आहे, आणि रोजच्या चार ताटांसाठी 10 इंच खाली वाकायचं ते कुणी? तळ खाली गेला की जाळीचं तोंडही खाली जातं, भिंतीतलं जुनं भोक मात्र वरच राहतं. पाणी अजून चढ चढायला शिकलेलं नाही. उरला ‘मग ओटाच नवा करू’ हा उपाय. म्हणजे दगड, टाइल्स, नळजोडणी, सगळं नवं, कारण एक टेप न्यायची राहिली.

आधी चकाकी बघायची आणि पाणी जाणार कुठे ते नंतर, ही रीत सरकारलाही नवी नाही. 2018 मध्ये वाशिमची आकांक्षित जिल्ह्यांत नोंद झाली, 2019 मध्ये जल जीवन मिशन आलं, माणशी रोज 55 लिटरचं माप ठरलं. कागदावर सांडपाण्याची सोयही त्यातच आहे. पण उद्घाटनाला हार नळाला घालतात, शोषखड्ड्याला घातलेला कुणी पाहिला आहे? घरातही तेच. चकचकीत सिंकचा पाइप भिंतीबाहेर निघतो आणि उघड्या नालीत सुटतो. नालीही नसली तर शेजाऱ्याच्या दारात.

तेव्हा दुकानात जाण्याआधी ओट्यातलं भोक, पुढची पट्टी आणि भिंतीतल्या पाइपची उंची टेपने मोजा आणि तिन्ही आकडे कागदावर लिहून न्या. आणि जी भांडी घासते तिलाही सोबत न्या. चुंबक घरी राहिलं तरी चालेल.