आग्रहाविना पाहुणचार

उंची हॉटेलातील उत्कृष्ट सेवेची व्यवसायमान्य व्याख्या अशी की, पाहुण्याची गरज त्याने बोलून दाखवण्याआधी ओळखावी आणि ती पुरवली जात असल्याचे त्याला जाणवूही न देता पुरवावी. या व्याख्येत पाहुणा गप्प बसतो हे गृहीत धरलेले आहे. मराठी मध्यमवर्गीय पाहुणा मात्र गप्प बसत नाही. तो ‘नको, नको’ म्हणतो, आणि तारांकित हॉटेले व हा वर्ग यांच्यातील बहुतेक घोटाळ्यांचा उगम या नकारात सापडतो.

नकाराचे हे शास्त्र समजून घेण्यासाठी पुण्यातील हॉटेलांच्या आधी पौडच्या पलीकडे, मुळशी तालुक्यातील एखाद्या घरची पंगत पाहावी लागते. यजमानीण आंबेमोहोराचा वाफाळता भात घेऊन येते, पाहुणा दोन्ही तळवे ताटावर आडवे धरून ‘पोट भरलं’ असे जाहीर करतो, यजमानीण त्या तळव्यांमधल्या फटीतून भाताची मूद अचूक सोडते, आणि ‘अहो, केवढा वाढलात!’ अशी तक्रार करीत पाहुणा वरणासाठी तिच्यात आळे करतो. या व्यवहारास आग्रह म्हणतात. त्यात पहिला नकार रीत म्हणून आणि दुसरा विनय म्हणून दिला जातो. खरोखर पोट भरलेल्या माणसाला ताटावरून उठून जाण्यावाचून दुसरा पुरावा देता येत नाही. (याच तालुक्यात धरणाच्या परिसरातील आरोग्यधामांत आता भरपूर पैसे मोजून बेताचे खाण्याची सोय झाली आहे, पण तो स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.)

तारांकित हॉटेलच्या शिकवणीत याउलट पाहुण्याचा पहिला शब्द अखेरचा मानला जातो. सकाळच्या नाश्त्याला वाढपी किंचित वाकून ‘सर, अजून एक डोसा आणू?’ असे विचारतो, सर सवयीने ‘नको, नको’ म्हणतात, वाढपी ‘शुअर, सर’ म्हणून हसतमुखाने निघून जातो आणि परत येत नाही. वाटीत अर्धी चटणी उरलेली असते. सर स्वयंपाकघराच्या झुलत्या दाराकडे पाहत राहतात, आणि ज्याच्या कामात कोणत्याही परीक्षकाला खोट काढता येणार नाही असा तो वाढपी सरांच्या लेखी माणुसकीला पारखा ठरतो.

सामानाच्या बाबतीत गोष्ट हातघाईवर येते. गणवेशातील तरुण बॅगेची मूठ धरतो, पाहुणा ‘राहू द्या, जड नाहीये’ म्हणत पट्टा धरतो, आणि बॅग दोघांच्या मधोमध लोंबकळत लिफ्टपर्यंत जाते. संध्याकाळी ‘टर्नडाउन’ नावाचा विधी होतो, म्हणजे कर्मचारी खोलीत येऊन पडदे ओढतो, पांघरुणाचा एक कोपरा दुमडतो आणि उशाशी चॉकलेट ठेवतो. परंतु ‘लोक काय म्हणतील’ या धाकाने पाहुण्याने पांघरुणाची घरच्यासारखी चौघडी आधीच घालून ठेवलेली असते, ती त्या कर्मचाऱ्याला प्रथम उलगडावी लागते. तळमजल्यावर ‘कॉन्सिएर्ज’ असतो. पाहुण्याच्या शहरातील सर्व कामांची तजवीज लावणाऱ्या या अधिकाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संघटना असून तिचे सभासद कोटाच्या कॉलरवर दोन सोनेरी किल्ल्यांचे चिन्ह लावतात. नाटकाच्या संपलेल्या तिकिटांपासून मध्यरात्रीच्या फुलांपर्यंत सारे मिळवून देण्याची ज्याची ख्याती, त्याला मराठी पाहुणा स्वारगेटची बस कुठे थांबते एवढेच विचारतो, आणि तेही त्रास दिल्याबद्दल क्षमा मागून.

पुण्यातील जे. डब्ल्यू. मॅरियट हे हॉटेल सेनापती बापट रस्त्यावर आहे, हा योग या संदर्भात दुर्लक्षिता येत नाही. पांडुरंग महादेव बापट यांना सेनापती ही पदवी मिळाली ती १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध सुरू झालेल्या मुळशी सत्याग्रहामुळे. १९०३ मध्ये मुंबईत ताजमहाल हॉटेल उघडून भारतीय आतिथ्याचा मानदंड घालून देणारे घराणेही टाटांचेच. सत्याग्रह मोडला, धरण झाले, गावे पाण्याखाली गेली, आणि ते पाणी सह्याद्रीखाली भिऱ्याच्या वीजगृहात उतरून मुंबईसाठी वीज निर्माण करू लागले. मुंबईच्या दिव्यांना मुळशीकरांनी घडवलेल्या या पाहुणचारात आग्रह सगळा पाहुण्याचाच होता. स्वतः सेनापती हातात झाडू घेऊन गावचे रस्ते झाडत असत. त्यांच्या नावाच्या रस्त्यावरील हॉटेलात मांडीवरून घसरलेला रुमाल उचलण्यासाठी वाकण्याचा अवकाशही पाहुण्याला मिळत नाही.

मुक्काम संपल्यावर हॉटेल सेवेला दहापैकी गुण मागते. या गुणदानाची जगभर रूढ असलेली रीत अशी की, नऊ किंवा दहा देणारा तो प्रशंसक, सात-आठ देणारा तटस्थ आणि सहा किंवा त्याहून कमी देणारा तो निंदक समजला जातो. मराठी पाहुणा मात्र साठ टक्क्यांना प्रथम वर्ग देणाऱ्या परीक्षा मंडळाच्या छायेत वाढलेला असतो आणि पैकीच्या पैकी गुण देणे हे परीक्षकाच्या ढिलाईचे लक्षण आहे असे त्याचे ठाम मत असते. तो बराच वेळ विचार करतो, न मिळालेल्या दुसऱ्या डोशाबद्दल मोठ्या मनाने काहीही न लिहिता सहा गुण देतो, शेऱ्याच्या रकान्यात ‘व्यवस्था बरी होती’ अशी त्याच्या कोशातील सर्वोच्च प्रशंसा नोंदवतो आणि समाधानाने घरी जातो. त्याच दिवशी दुपारी व्यवस्थापक आपल्या सहकाऱ्यांना तातडीच्या बैठकीस बोलावतो.