जेवण होमली, मुलगी नव्हे

परवा शेजारच्या वहिनी लेकीचा बायोडेटा घेऊन आल्या. "इंग्रजी तेवढं नजरेखालून घाला," म्हणाल्या. उंची, रास, गोत्र, एम.एस्सी., औषधांच्या प्रयोगशाळेत नोकरी. आणि शेवटी ओळीने तीन विशेषणं : वेल-एज्युकेटेड, वर्किंग, होमली. तिसऱ्यावर मी फुली मारली. वहिनींचा चेहरा उतरला. "अहो, तेच तर महत्त्वाचं आहे!"

आधी अर्थाचं बोलू. ब्रिटिश इंग्रजीत 'होमली' म्हटलं की साधं, भपका नसलेलं, पण मायेची ऊब असलेलं. खोली होमली असते, जेवण होमली असतं, छोटंसं लॉज होमली असतं. कोकणात दारोदार 'घरगुती जेवण' अशी पाटी दिसते, त्यातल्या 'घरगुती'च्या अगदी जवळचा हा शब्द. ब्रिटनमध्ये एखाद्या बाईलाही तो लावतात, प्रेमळ आणि घरात रमणारी या अर्थाने. आपल्या जाहिरातींनी तो तिथूनच उचलला असावा. अमेरिकेत मात्र माणसाला 'होमली' म्हटलं की तो दिसायला यथातथाच आहे, असाच अर्थ निघतो. अब्राहम लिंकन यांच्या रूपाबद्दल लिहिताना तिथले लोक हाच शब्द वापरत आले आहेत. उबदार घरासाठी त्यांच्याकडे 'होमी' हा निराळा शब्द आहे. बायोडेटा तर आज एका बोटाने पुण्यातही जातो आणि न्यू जर्सीतही. तिथे वाढलेला मराठी मुलगा तो वाचेल तेव्हा त्याला वाटेल, हिचे आईवडीलच हिच्या रूपाला नावं ठेवताहेत.

व्याकरणातही इथे एक खाच आहे. शाळेत आपल्याला पढवलेलं असतं : शेवटी 'ली' आलं की क्रियाविशेषण. स्लो-स्लोली, क्विक-क्विकली. पण हा 'ली' विशेषणाला चिकटला तरच सहसा क्रियाविशेषण होतं. नामाला चिकटला की बहुतेक वेळा विशेषणच तयार होतं : फ्रेंड-फ्रेंडली, कॉस्ट-कॉस्टली, मदर-मदरली, होम-होमली. म्हणून 'ती फ्रेंडली बोलते' हे इंग्रजीत जसंच्या तसं उतरवलं की चुकतं. 'फ्रेंडली वे'मध्ये बोलते, असं म्हणावं लागतं. आणि तुलना करायची तर होमलिअर, होमलिएस्ट. एवढं एक पाठ केलं तरी मुलांचे कितीतरी गुण वाचतील.

या शब्दाचा जुना अर्थ कळल्यापासून तर मला तो फारच आवडायला लागला आहे. इंग्लंडमधल्या नॉर्विच गावी चौदाव्या शतकात ज्युलियन नावाची एक साधक स्त्री होऊन गेली. 1373 साली मोठ्या आजारात तिला देवाची दर्शनं घडली, आणि त्यांविषयी लिहिताना तिने देवाच्या प्रेमाला 'होमली' म्हटलं. घरातल्या माणसासारखं जवळचं, आडपडदा नसलेलं. जनाबाईच्या शेजारी बसून दळण दळू लागणारा विठोबा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पुढे शब्द घसरत गेला. घरचं म्हणजे साधं, साधं म्हणजे ओबडधोबड, ओबडधोबड म्हणजे कुरूप. देवाच्या प्रेमाचं विशेषण नाकीडोळी बेताच्या माणसावर येऊन थांबलं. घराशी जोडलेल्या गोष्टीची किंमत कशी उतरत जाते, ते या एका शब्दाच्या प्रवासात दिसतं, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

आता वहिनींच्या बायोडेट्याकडे. मी विचारलं, "होमली म्हणजे तुम्हाला नेमकं काय सांगायचंय?" त्या जरा थांबल्या. मग खरं बोलल्या. "नोकरी करते ना ती. लोकांना वाटायला नको, घरात लक्ष नसेल म्हणून."

म्हणजे 'वर्किंग' लिहिल्याची माफी 'होमली' लिहून मागायची. मुलीने सहा वर्षं अभ्यास केला, सकाळी साडेसातची बस पकडून ती कामाला जाते, आणि तिच्याच कागदावर शेवटचा शब्द तिच्या नोकरीबद्दल दिलगिरीचा. मराठीत 'गृहकृत्यदक्ष' लिहायचे तेव्हा मागणी निदान उघड होती. 'होमली' तीच मागणी गोड आवाजात करतो. वधू पाहिजे, होमली पाहिजे, अशा जाहिराती मी लहानपणापासून वाचत आले आहे. होमली वर पाहिजे, अशी एकही वाचलेली नाही. विशेषण खरोखर स्वभावाचं असतं तर ते मुलालाही लागलं असतं. ते एकट्या मुलीला लागतं, कारण ते स्वभावाचं वर्णन नाहीच, ती अट आहे. आणि अट घालायची असेल त्या घराने ती सरळ वाक्यात घालावी, म्हणजे मुलीला सरळ वाक्यात नकार देता येईल.

एवढ्यात लेकच आईला शोधत आली. कागद पाहिला, माझी फुली पाहिली. पेन मागून घेतलं आणि फुलीखाली मराठीत लिहिलं : 'मला स्वयंपाक येतो. मुलालाही यावा, ही अपेक्षा.'

वहिनींनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, "हे इंग्रजीत कसं लिहायचं, तेवढं सांगा."